सात बहिणी आणि चाळीस थालपोस

गोंदियात एक जानेवारीला स्वेटर सुरू करणाऱ्या बाईला विणकाम येत असेल, हिशेब येत नाही. डिसेंबर सरत आला की पेपरात ‘विदर्भात गोंदिया सर्वांत गार’ अशी बातमी झळकते, पारा 7-8 अंशांवर उतरतो आणि आम्हा गोंदियाकरांच्या अंगात थंडीच्या जोडीने थोडा अभिमानही शिरतो. नागपूरला नाही आणि आपल्याकडे आहे अशा गोष्टी मोजक्याच. असेल ती मिरवून घ्यावी. त्या भरात बाई बाजारातून लोकर आणते, दहा नंबरच्या सुया हुडकते, टाके घालते आणि एक सुलट, एक उलट करत बॉर्डर उतरवते. संक्रांतीपर्यंत पाठ होते. रथसप्तमीला पुढचा डावा भाग. महाशिवरात्रीला उजवा. आणि महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, हे तर शेंबड्या पोट्ट्यालाही ठाऊक आहे. बाह्या राहतात त्या राहतातच. मार्चमध्ये मांडीवर लोकर घेऊन बसायला ऋषीचं मन लागतं, आणि मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की ऋषीही सुया ठेवून कूलरसमोर बसेल.

आमच्याकडे बिनबाह्यांचा स्वेटर घालून हिंडणारे पुरुष बरेच दिसतात. बाहेरून बदलून आलेल्या साहेबाला ती इकडची फॅशन वाटते. फॅशन कसली, महाशिवरात्रीपर्यंत झालेलं काम आहे ते. त्यात पोट्टे वाढतात. थोरल्याच्या मापाने घातलेले टाके पुढच्या थंडीत धाकट्याच्या अंगावर चढतात, तिथून मावसभावाकडे जातात. आमच्या ओळखीत असा एक स्वेटर आहे, की ज्याच्यासाठी टाके घातले तो कधीचा बँकेत लागला. स्वेटर अजून तिसरीत आहे.

खरं तर आमच्या भागाचा स्वेटरचा प्रश्न 1972 सालीच मिटायला हरकत नव्हती. त्या वर्षी अर्जुनी मोरगावच्या गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली, नोरग्येलिंग. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया वेगळा निघाला तो 1 मे 1999 ला. हिमालयापलीकडची माणसं थेट झाडीपट्टीच्या धानाच्या बांधीत येऊन उतरली, चिखलणी-रोवणी शिकली, आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरची दुकानं मांडायची ही तिबेटी मंडळींची रीतही त्यांनी सांभाळली. म्हणजे हाताशी माणसं आहेत, माल आहे, थंडी आहे. पण संकल्प केलेली बाई त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जातच नाही. ती डिझाइन बघायला जाते. स्वेटर उलटा करते, आतले टाके मोजते, बाहीची शिवण ओढून बघते आणि म्हणते, “घेना नही है, मैं खुद बना रही हूँ.” (गोंदियात बाजार हिंदीत होतो आणि भांडण मराठीत. लग्नाच्या याद्या दोन्हीत.) दुकानवाल्या बाईने अशा पुष्कळ पाहिलेल्या असतात. ती शांतपणे स्वेटरची घडी घालते. “बना लो दीदी. अगले साल आना.”

हे ‘अगले साल’ आमच्याकडे इतकं लांब नसतं, हीच तर सोय आहे. बाकीच्या जगाला एक जानेवारी हुकला की बारा महिने थांबावं लागतं. गोंदियात नव्या वर्षांची टंचाई नाही. जानेवारीतला संकल्प फसला तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गोठणगावला तिबेट्यांचा लोसार येतो. तो आपला नाही म्हणावं तर महिना-दोन महिने इकडेतिकडे करून गुढीपाडवा येतोच. पाडव्याला श्रीखंडाच्या गुंगीत राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी सिंधी शेजाऱ्यांचा चेटीचंड. तोही गेला तर एक एप्रिल आहे, सरकारी आणि बँकेचं वर्ष. मग अक्षय्य तृतीया. सालेकशाच्या पलीकडे छत्तीसगड लागतं, तिथे तिला अक्ती म्हणतात आणि शेतकऱ्याचं साल तिथून धरतात. जूनमध्ये शाळेचं वर्ष. दिवाळीत गुजराती व्यापाऱ्यांचं वहीपूजन आणि बेसतुं वरस. आमच्या जिल्ह्यात संकल्प मोडला असं कोणी म्हणत नाही. पुढच्या वर्षावर ढकलला, आणि पुढचं वर्ष परवाच आहे.

आता समोरच्या वहिनींचं. एकतीस डिसेंबरच्या दुपारी गच्चीवर उन्हात पाय पसरून बसलेल्या सगळ्या बायांदेखत त्यांनी जाहीर केलं, की यंदा संक्रांतीचं वाण प्लास्टिकचं नाही. घरोघर त्याच त्या डब्या, त्याच गाळण्या, गेल्या वर्षी आपण दिलेली चाळणी तिसऱ्या घरातून आपल्यालाच परत. यंदा हाताने विणलेला क्रोशाचा थालपोस, आणि तोही प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा. हळदीकुंकवाला चाळीस बाया.

भाऊजींनी विजेच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. एका थालपोसाला दोन संध्याकाळी. चाळीसला ऐंशी. संक्रांत चौदाला. वहिनींनी ते बिल हातातून घेतलं. “रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते जी,” त्या म्हणाल्या. मुदतवाढ प्रत्यक्ष धर्माने दिलेली असताना माणसाने बोलायचं नसतं. भाऊजी सुभाष बागेत फिरायला निघून गेले. फिरणं हा त्यांचा संकल्प होता. तोही भजीच्या गाडीपर्यंतच.

पहिल्या आठवड्यातच कामाची वाटणी झाली. जाऊबाईंना पाच, नणंदेला पाच, कॉलेजातल्या भाचीला पाच. सासूबाईंना सुई हातात द्यायची नाही असं ठरलं होतं, पण त्यांनी ती घेतलीच. त्यांचा थालपोस कडेने वर वर वळत गेला. गोल विणताना प्रत्येक फेरीत टाके वाढवावे लागतात, नाही वाढवले की कड आत ओढते आणि मध्यभागी खळगा पडतो. सासूबाईंचं म्हणणं, टाके वाढवून उगाच दोरा कशाला घालवायचा? तयार झालं ते मागच्या गल्लीतल्या बाळाला टोपडं म्हणून गेलं आणि बाळाला फार शोभलं. भाचीने पाचांपैकी एक विणला, त्याचे सतरा फोटो काढले आणि संकल्प पूर्ण झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

याच सुमारास वहिनींकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तिथे टेकल्या. त्या दुपारच्या घरी विड्या वळतात. तेंदूपत्ता भिजवायचा, कैचीने कापायचा, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर आणि सट्टेदाराने छाटून काढली ती विडी फुकट गेली. गोंदिया-भंडाऱ्याच्या कितीएक घरांची चूल याच बोटांवर पेटली आहे आणि त्या बोटांना एक जानेवारी कधी भेटायला आलेला नाही. मावशींनी सगळा दोरा-पसारा पाहिला आणि विचारलं, “चाळीस करा लागते का बाई?” वहिनी म्हणाल्या, “हो ना!” मावशींनी पुन्हा विचारलं, “दिवसाचे?”

त्यानंतर दोन दिवस गच्चीवर कोणी सुई काढली नाही.

रथसप्तमीला थालपोस भरले नऊ. नऊ थालपोस चाळीस बायांत कसे वाटायचे, हा प्रश्न गणिताचा नाही. नऊ जणींना दिले तर उरलेल्या एकतीस जणी पुढच्या लग्नकार्यात कोणत्या पंगतीला बसतील हे सांगता येत नाही. शेवटी भाऊजींना बाजारात पिटाळलं. डब्या आल्या, प्लास्टिकच्या, झाकणावर फुलं. थालपोस गोदरेजच्या कपाटात नव्या साडीखाली गेले, आणि एकतीस बाकी राहिले.

वाचनाच्या संकल्पाला तर आमच्याकडे सरकारी पाठिंबा आहे. 2025 च्या सुरुवातीला राज्य शासनाने ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम काढला, 1 ते 15 जानेवारी. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो 14 ते 28 जानेवारी. म्हणजे पहिले दोन आठवडे वाचायचं, पुढचे दोन भाषा वाढवायची, आणि चौदा-पंधरा तारखेला दोन्ही एकदम करायचं. नेमकी तेव्हाच संक्रांत. तोंडात तिळाचा लाडू असताना भाषा वाढत नाही. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, पण तेव्हा घरात दिवाळीची साफसफाई चालू असते आणि पुस्तकांचा संबंध फक्त धुळीशी येतो.

गोंदियाच्या माणसाला पुस्तक कुठे मिळत नाही, असं कारणही सांगता येत नाही. साताऱ्याकडचं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, आणि पुढे शासनाने ही योजना वाढवली तेव्हा आमचं नवेगावबांध तिच्यात आलं. निवड अगदी योग्य. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत तिथे राहिले, तळ्याकाठच्या पाखरांकडून आणि ढिवर-गोंडांकडून शिकले, माधवराव पाटलांसारख्या जाणत्याचा हात धरून रान हिंडले, आणि त्या दिवसांवर पुस्तकं लिहिली. पुढे पक्षीकोश केला, प्राण्यांचा केला. 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी एकच संकल्प केला: यंदा ‘चकवाचांदण’ पूर्ण करायचं.

ते त्यांचं आत्मचरित्र, चांगलं जाडजूड. पहिल्या दिवशी वीस पानं होतात. दुसऱ्या दिवशी आदल्या वीस पानांतली दहा पुन्हा वाचावी लागतात, कारण ती वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या. रानात चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पहाटे निघाला त्याच झाडाखाली येतो म्हणतात. आमचा वाचक तसा दर रविवारी चाळिसाव्या पानावर येतो. फिरून फिरून तेच पान, तीच चहाची खूण.

त्यात रात्री मोकळ्या नसतात. दिवाळीनंतर मंडया भरल्या की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. शंकरपट असला की नाटक असलंच पाहिजे, आणि बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा वाट करून दिल्यापासून पटांना आणखी जोर आला आहे. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या ट्रक भरून येतात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्याच्या सुमारास पडतो. मधे रडणं, हसणं, गाणी, लावणी, पुन्हा रडणं. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे एक पद्मश्री उशाशी आणि एका पद्मश्रीची रंगभूमी शेजारच्या गावात, अशी आमची कोंडी. पुस्तक उद्याही असणार आहे. नाटक आज आहे, आणि पाहुणे जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत आहेत.

गोंदियाच्या माणसाला पुस्तक संपवायचं असेल तर माझ्या मते एकच मार्ग आहे, महाराष्ट्र एक्सप्रेस. आमच्या फलाटावरून सुटते आणि कोल्हापूरला थांबते. राज्याबाहेर चाक न घालता राज्याचं हे टोक ते ते टोक, एक दिवस आणि वर काही तास. विदर्भ एक्सप्रेस या कामाची नाही, ती रात्रीची मुंबई गाठते आणि दहा वाजले की दिवे जातात. महाराष्ट्र एक्सप्रेसला पुरता दिवस मिळतो. तुमसरपर्यंत प्रस्तावना, नागपूरला पहिलं प्रकरण, वर्ध्याच्या पुढे आपण आणि पुस्तक. हे सगळं गृहीत धरून मी एकदा खिडकी पकडून बसले. समोरच्या आजींनी विचारलं, “काय वाचता बाई?” मी सांगितलं. “वाचा, वाचा,” त्या म्हणाल्या, आणि भुसावळपर्यंत त्यांच्या तिन्ही सुनांची हकिगत सांगितली. कादंबरी काय, ती झालीच. चांगली रंगली. तिसरी सून तर अजून डोळ्यांपुढे आहे.

घरसंसाराचे संकल्प मी थोडक्यात आटोपते, कारण ते आमच्याकडेही थोडक्यात आटोपतात. ‘जेवताना मोबाईल नाही’ हा यंदाचा सगळीकडचा. ताटं वाढली की सगळ्यांचे फोन डब्यात. एका घरात पहिल्या रात्री शांतता इतकी झाली की वरणात मीठ कमी आहे हे सगळ्यांना एकदम कळलं. लग्नाला अनेक वर्षं झालेल्या त्या घरात हा शोध पहिल्यांदा लागला आणि मोबाईल असताना आपण किती सुखी होतो, हे वरण करणारीला समजलं. डबा चार रात्री चालला. पाचव्या रात्री आतून कीर्तन ऐकू येऊ लागलं. आजोबांनी फोन चालू ठेवूनच आत टाकला होता.

दुसरा संकल्प पुरुषांचा, घरकामात हात लावण्याचा. याबाबतीत आमच्या जिल्ह्यात आदर्श दूर शोधावा लागत नाही. महाराष्ट्रात सारस उरले ते प्रामुख्याने गोंदियात, तेही मोजके. माणसाएवढा उंच पक्षी, जन्माची जोडी. पावसाळ्यात धानाच्या बांधीत नाहीतर तळ्याच्या पाणथळीत घरटं घालतात, दोघं मिळून. अंडी उबवायला नरही पाळीने बसतो. बघायला लांबून लांबून जोडपी येतात. नवरे दुर्बीण लावतात, “वा, काय निष्ठा!” म्हणतात आणि गाडीत बसल्यावर विचारतात, डबा काढतेस ना?

या सगळ्यात तडीस गेलेला एक संकल्प आमच्या जिल्ह्यात आहे, आणि तो 11 चौरस किलोमीटर पसरलेला आहे. नवेगावचं तळं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं. कोहळी समाज तळी बांधण्यात तरबेज. डोंगराच्या कुशीत पाणी कुठे अडतं हे त्यांना नुसतं बघून कळायचं. कोलू पाटलांनी बांध घातला, पाणी अडलं, धान पिकलं, आणि लोकांनी त्यांना देव करून टाकलं. बांधावर कोलासूर देवाचं ठाणं आहे. मला वाटतं, तेव्हापासून या मुलखातला माणूस हातातलं काम पूर्ण करताना जरा जपून असतो. उगाच शेंदूर लागायचा.

पण याच कथेत एक गोष्ट पुरुषमंडळी घाईने सांगून टाकतात. तळ्याभोवती सात डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात, आणि तळं पुरं करायला त्या सातजणींनी कोलू पाटलांना हात दिला, असं लोक मानतात. मी एका एक जानेवारीला तिथे गेले होते. पर्यटकांची झुंबड, बदकांपेक्षा कॅमेरे जास्त. एक गृहस्थ घरच्यांना माहिती देत होते, “बघा, एका माणसाने एवढं तळं बांधलं.” त्यांच्या सौभाग्यवती एका हाताने पोराचं नाक पुसत, दुसऱ्याने शिंगाडे सोलत समोरच्या डोंगरांकडे बघत होत्या. “एका माणसाने?” त्या म्हणाल्या. “आणि त्या सातजणी काय कॅमेरा घेऊन आल्या होत्या?”

वहिनींना मी ही सगळी हकिगत सांगितली. त्यांनी जावा, नणंदा, भाच्या मोजल्या. सहा भरल्या. मग माझ्याकडे बघितलं. मला क्रोशाची सुई कुठून धरतात हेही माहीत नाही असं मी तत्काळ सांगून टाकलं.

तेव्हापासून त्या थालपोसांनी लोसार पाहिला, पाडवा पाहिला, चेटीचंड, एक एप्रिल, अक्ती. शाळा सुरू झाल्या. रोवणी झाली. पोळा आला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, तिची कीर्ती मोठी. आमच्या गावाकडे नारबोद असते. पहाटे उठून गावाबाहेर जायचं आणि घरातली इडापिडा, रोगराई, माश्या, मच्छर, ढेकूण, जे जे नकोसं झालं असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, की हे सगळं घेऊन जा. नव्याने काही करायचं नाही, फक्त टाकून यायचं. सणांमध्ये मला हाच सगळ्यांत समजूतदार वाटतो.

यंदा वहिनी सासरच्या गावी होत्या, मीही सोबत गेले होते. अंधार होता, पोट्टे बेंबीच्या देठापासून ओरडत होते. कोणी खोकला घालवला, कोणी तुडतुडे, एका पोट्ट्याने गणित. भाऊजींनी वाढलेलं पोट म्हटलं, पण हळू. मग गर्दीतून बाईचा आवाज आला, ठणठणीत: “एकतीस थालपोस घेऊन जाय गे!”

सासूबाई मागून धावत आल्या. “अवो, नवाचं नाव नका घेऊ,” त्या म्हणाल्या, “ते रुखवतात ठेवता येतील.”